टेबलावरचा मासा : परागंदा सीरियन चित्रकार यूसुफ अब्दलकी

सीरियाच्या ईशान्य टोकाला, तुर्कस्तानच्या सीमेला खेटून असलेले कामिश्ली हे शहर वयाने फार जुने नाही. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने सीरियाचा कारभार फ्रान्सच्या देखरेखीखाली दिला होता. त्या व्यवस्थेला मँडेट असे म्हणत. त्या काळात, १९२६ च्या सुमारास हे शहर वसले, आणि त्याच्या वस्तीतला मोठा वाटा ऑटोमन साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांतील कत्तलींतून जीव वाचवून दक्षिणेकडे आलेल्या सुर्यानी व आर्मेनियन ख्रिस्ती कुटुंबांचा होता. बगदाद रेल्वेचा मार्ग हीच येथे दोन देशांची सीमा ठरली. रुळांच्या पलीकडे नुसैबिन हे प्राचीन गाव, अलीकडे हे नवे शहर, आणि भोवती गहू-कापूस पिकवणारा जझीरा नावाचा सपाट प्रदेश. सुर्यानी, आर्मेनियन, कुर्द, अरब आणि काही ज्यू अशा मिश्र वस्तीच्या या शहरात १९५१ मध्ये एका ख्रिस्ती कुटुंबात यूसुफ अब्दलकी यांचा जन्म झाला. वडील कम्युनिस्ट चळवळीतले होते आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला होता, त्यामुळे पोलीस, झडती आणि अटक या गोष्टी या मुलाला पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत.

कोण नागरिक आणि कोण नाही हे सरकार एका कागदाने ठरवू शकते, याचा अनुभव या प्रांताला अब्दलकी यांच्या बालपणीच आला. ऑक्टोबर १९६२ मध्ये हसाका प्रांतात, ज्यात कामिश्ली मोडते, एकाच दिवसात एक खास जनगणना उरकण्यात आली आणि ठरावीक काळापासूनच्या वास्तव्याचा पुरावा न दाखवू शकलेल्या सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. पुढच्याच वर्षी, ८ मार्च १९६३ रोजी, बाथ पक्षाच्या लष्करी अधिकाऱ्यांनी दमास्कसमध्ये सत्ता हस्तगत केली आणि आणीबाणीचा कायदा पुकारला. हा कायदा एप्रिल २०११ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षे, अंमलात राहिला. अब्दलकी यांची घडण, अटक, परागंदा होणे आणि परतणे हे सारे या एका कायद्याच्या आयुष्यात सामावले आहे, आणि त्यांच्या चित्रांमधली चिरेबंद शांतता समजून घ्यायची तर हा काळ आधी नजरेसमोर ठेवावा लागतो.

चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते दमास्कसला आले तेव्हा तिथली ललित कला विद्याशाखा जेमतेम एका दशकाची होती. ईजिप्त आणि सीरिया यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक अस्तित्वात असताना, १९६० मध्ये ती स्थापन झाली होती. फातिह अल-मुदर्रिस, महमूद हम्माद, नझीर नबआ, इलियास झय्यात अशी थोर मंडळी त्या पिढीला शिकवत होती किंवा त्यांच्यासमोर वावरत होती. कुणी रोम किंवा पॅरिसला शिकून आलेले, कुणी उत्तर सीरियाच्या खेड्यांतली लोककला आणि प्राचीन मूर्तींचे चेहरे कॅनव्हासवर आणू पाहणारे. पण १९६७ च्या युद्धातील पराभवाने, गोलान टेकड्या इस्रायलच्या ताब्यात गेल्याने आणि पॅलेस्टिनी निर्वासितांच्या लोंढ्याने चित्रकारांपुढे वेगळाच प्रश्न उभा केला. चित्र भिंतीवर टांगायचे की भित्तिपत्रक होऊन रस्त्यावर उतरवायचे, असा तो प्रश्न होता. अब्दलकी यांनी दोन्ही केले. भित्तिपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे, मुलांच्या पुस्तकांतील चित्रे आणि व्यंगचित्रे अशा हरतऱ्हेच्या कामात त्यांचा हात बसला, आणि सीरियातील व्यंगचित्रकलेच्या इतिहासावर त्यांनी तरुणपणीच लेखनही केले. १९७६ मध्ये त्यांनी पदवी घेतली.

१९७६ हे वर्ष सीरियन डाव्यांसाठी फाटाफुटीचे होते. जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष हाफिझ अल-असद यांनी लेबनॉनच्या यादवीत सैन्य उतरवले, आणि ते पॅलेस्टिनी व लेबनीज डाव्यांच्या आघाडीविरुद्ध उतरवले. जो बाथ पक्ष अरब ऐक्य आणि पॅलेस्टाइनची मुक्ती यांच्या नावाने राज्य करत होता, त्याच्याच फौजा पॅलेस्टिनींवर चालून गेल्या, आणि सरकारशी जुळवून घेतलेल्या अधिकृत कम्युनिस्ट पक्षाने त्याला ठाम विरोध केला नाही. याच सुमारास तरुण मार्क्सवादी अभ्यासमंडळांतून ‘कम्युनिस्ट कृती संघ’ या अर्थाच्या नावाची एक बेकायदा संघटना उभी राहिली, जी १९८१ मध्ये कम्युनिस्ट मजूर पक्ष झाली. संघटना लहान, साधने तुटपुंजी, पत्रके हाताने फिरवलेली; पण राजवटीने तिच्यामागे गुप्तहेर यंत्रणांचा ससेमिरा लावला. तिच्या कार्यकर्त्यांना पुढच्या दीड दशकात जी शिक्षा भोगावी लागली ती सीरियन डाव्यांच्या इतिहासातले सर्वात काळे पान आहे. कवी फरज बैरकदार यांनी १९८७ पासून जवळपास चौदा वर्षे तुरुंगात काढली. डॉक्टर अब्दुलअझीझ अल-खय्यिर यांना १९९२ मध्ये पकडून २००५ मध्ये सोडले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये दमास्कस विमानतळावरून परतताना ते पुन्हा नाहीसे झाले. अब्दलकी याच संघटनेत होते. १९७८ मध्ये त्यांना अटक झाली आणि जवळपास दोन वर्षांनी, १९८० मध्ये, ते सुटले. संघटनेतील सहकाऱ्यांच्या मानाने हा तुरुंगवास थोडका होता. मात्र सुटकेनंतर चित्रकार म्हणून मोकळा श्वास घेण्याइतकी जागा दमास्कसमध्ये उरली नव्हती.

१९८१ मध्ये ते पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, मुस्लिम ब्रदरहूडचा उठाव मोडून काढण्यासाठी सरकारी फौजांनी हमा शहराचे जुने भाग तोफांनी जमीनदोस्त केले. मृतांचा आकडा दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत सांगितला जातो. या घटनेनंतर उजवा असो की डावा, धार्मिक असो की निधर्मी, कोणत्याही विरोधाला देशात वाव राहिला नाही, आणि शिक्षणासाठी म्हणून बाहेर पडलेल्यांच्या परतीच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. अब्दलकी यांना देशाबाहेर हाकलून देणारा कोणताही जाहीर हुकूम निघाला नाही. त्यांना सीरियन पासपोर्ट नाकारण्यात आला, एवढेच. परागंदा करण्याची ही पद्धत मोठी हिशेबी होती, कारण तिच्यात खटला नाही, निकाल नाही, अपील नाही आणि वर्तमानपत्रात छापून येईल असे काही घडतही नाही. फक्त एक कागद मिळत नाही आणि माणसाची वर्षे परदेशात जात राहतात. अब्दलकी यांची अशी जवळपास पाव शतक गेली.

पॅरिस तेव्हा अरब परागंदांचे मोठे केंद्र होते. लेबनॉनच्या यादवीमुळे बैरूतमधली छापखाने-वर्तमानपत्रांची दुनिया लंडन आणि पॅरिसला सरकली होती, आणि सीन नदीकाठी १९८७ मध्ये अरब जगताच्या कला-संस्कृतीला वाहिलेली ‘अँस्तित्यू द्यू मोंद आराब’ ही संस्था सुरू झाली. अब्दलकी यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ललित कला विद्यालयात, म्हणजे ‘बोझार’मध्ये प्रवेश घेऊन १९८६ मध्ये अम्लरेखनाची पदविका मिळवली आणि १९८९ मध्ये ‘पॅरिस-८’ विद्यापीठातून दृश्यकलेत डॉक्टरेट केली. पदव्यांपेक्षा महत्त्वाचे आहे ते अम्लरेखन. मुद्राचित्रणाच्या या प्रकाराला इंग्रजीतून आलेल्या ‘एचिंग’ या नावानेही ओळखतात, आणि त्याची रीत नीट पाहिल्याशिवाय अब्दलकी यांच्या नंतरच्या चित्रांतला काळा रंग कुठून आला हे उमगत नाही.

अम्लरेखनात तांब्याचा किंवा जस्ताचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप देतात. लेप वाळल्यावर चित्रकार टोकदार सुईने त्यावर रेघा ओढतो, आणि जिथे रेघ जाते तिथे धातू उघडा पडतो. मग पत्रा आम्लात बुडवायचा. आम्ल लेपाला शिवत नाही, उघड्या धातूला मात्र खात जाते, आणि पत्रा जितका जास्त वेळ आम्लात राहील तितकी रेघ खोल होते व छापल्यावर तितकी काळी उमटते. पुढे लेप पुसून, पत्र्यावर शाई चोळून, वरवरची शाई कापडाने व तळहाताने पुसून घेतात, म्हणजे ती खाचांमध्येच राहते. ओलसर केलेला जाड कागद त्यावर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढला की खाचांतली शाई कागदाने उचललेली असते. या कलेत काळा रंग वरून लावलेला नसतो, तो धातूला पडलेल्या जखमेतून आलेला असतो आणि त्याची खोली वेळेने मोजली जाते. अशी कित्येक वर्षे पत्र्यावर घालवलेल्या हाताला काळ्याच्या असंख्य छटा, कागदाचा कोरा पांढरा आणि या दोहोंमधल्या करड्यांची उतरंड दिसू लागते, आणि मग निळ्या-पिवळ्याची ओढ कमी होते. अब्दलकी यांचे पुढचे बहुतेक मोठे काम काळ्या-पांढऱ्यातच झाले.

ते लगेच झाले नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्वदच्या मध्यापर्यंत त्यांनी ‘व्यक्ती’ या नावाने ओळखली जाणारी एक मोठी मालिका केली. तीत पदके लटकवलेले लष्करी अधिकारी आहेत, टाय बांधलेले जाडजूड पुढारी आहेत, मिशा आहेत, काळे चष्मे आहेत. ही माणसे बहुधा दोघातिघांनी एका रांगेत, छायाचित्राला उभी राहावीत तशी उभी असतात. पेस्टल, चिकटवलेले कागद, खरवडलेले पृष्ठभाग अशी साधने त्यांनी वापरली. व्यंगचित्रकाराची नजर इथे उघड दिसते, पण व्यंगचित्र एका वाचनात संपते तशी ही चित्रे संपत नाहीत. या माणसांचे चेहरे सुजलेले, खवले धरलेले, कुजत चाललेले आहेत, आणि पाहणाऱ्याच्या मनात तिरस्काराबरोबर एक प्रकारची भीतीही उरते. १९९१ चे आखाती युद्ध, इराकमधली सद्दाम हुसेनची राजवट, लेबनॉनची राखरांगोळी हे सर्व मागे ठेवून ही मालिका पाहिली तर तिच्यात एका संपूर्ण राजकीय वर्गाचे गटचित्र दिसते. तरीही तिच्यात एक मर्यादा आहे. हुकूमशहाचे चित्र काढणारा चित्रकार, कितीही धारदार असला, तरी हुकूमशहालाच कागदाच्या मध्यभागी बसवतो, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला ते चौकटीबाहेर राहतात.

१९९५ च्या आसपास हे सेनापती त्यांच्या कागदावरून गेले. त्यांच्या जागी एक मासा आला.

मासा, माशाचे कापलेले डोके, दोरीने बांधलेला मासा, खोक्यात ठेवलेला मासा. पुढे जनावराची कवटी, सुरी, मेलेला पक्षी, एक फूल, एक बूट, एक पेला. माणूस नाही, निसर्ग नाही, खिडकी नाही. अशा चित्रांना स्थिरचित्र म्हणतात, म्हणजे टेबलावर मांडलेल्या निर्जीव वस्तूंचे चित्रण, आणि युरोपीय कलाविद्यालयांत तो बराच काळ दुय्यम दर्जाचा प्रकार मानला जाई. देव, राजे आणि युद्धे रंगवणारा तो मोठा चित्रकार, फळे-भांडी रंगवणारा लहान, अशी ती उतरंड होती. राजकीय कैदी राहिलेल्या, डाव्या चळवळीत घडलेल्या चित्रकाराने हा प्रकार का निवडावा, असे त्यांच्या काही जुन्या चाहत्यांना वाटणे स्वाभाविक होते. परागंदा माणूस थकला आणि राजकारण सोडून घराच्या चार भिंतींत शिरला, असा त्याचा सोपा अर्थ लावता येतो. हा अर्थ चुकीचा आहे. त्यासाठी यातले एखादे चित्र जवळून पाहायला हवे.

कागद मोठा, पुष्कळदा दीड मीटरच्या घरातला असतो. साधन म्हणजे चारकोल, हवा कोंडून जाळलेल्या लाकडाच्या कोळशाची कांडी. ही कांडी कागदावर भुकटी सोडत जाते, ती भुकटी बोटाने चोळली की करडी होते, पुन्हा पुन्हा थर दिले की मखमलीसारखी काळी होते, आणि रबराने उचलली की खालचा पांढरा पुन्हा वर येतो. चित्राचा वरचा अर्धा-अधिक भाग काळा किंवा गडद करडा, रिकामा. खाली एक आडवा पृष्ठभाग, टेबलाचा म्हणावा तर टेबलाला पाय नाहीत. त्यावर एकटा मासा, बाजारात मिळणाऱ्या माशाच्या कितीतरी पट मोठा. खवल्यांवर एका बाजूने प्रकाश पडलेला आहे आणि एकेक खवला वेगळा मोजता येईल इतक्या निगुतीने काढलेला आहे. तोंड किंचित उघडे आहे, आणि डोळा उघडा आहे. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे मेल्यावरही तो पाहत असल्यासारखा दिसतो, आणि अब्दलकी यांनी या साध्या शरीरवैशिष्ट्याचा जो उपयोग केला आहे तो मन खिळवून ठेवणारा आहे. कुणी मारले, कुठे मारले, का मारले, याचा चित्रात पत्ता नाही. मारले गेले आहे एवढे मात्र नक्की, आणि जे मारले गेले त्याने नजर खाली केलेली नाही.

स्थिरचित्राच्या इतिहासात या गोष्टीला आधार आहे. नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या त्या काळात, १८०८ ते १८१२ च्या दरम्यान, फ्रान्सिस्को गोया युद्धाच्या अत्याचारांची अम्लरेखने करत होता आणि त्याच सुमारास त्याने चंद्रप्रकाशात रचून ठेवलेल्या मेलेल्या माशांच्या ढिगाचे चित्र रंगवले. त्या माशांचे वटारलेले डोळे पाहिल्यावर, त्याने दोन वेगळे विषय हाताळले असे म्हणणे अवघड जाते. गुस्ताव कुर्बे हा फ्रेंच चित्रकार १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे शहरातल्या कष्टकऱ्यांनी उभारलेल्या अल्पजीवी क्रांतिकारी सरकारमध्ये, सामील झाल्याबद्दल तुरुंगात गेला. सुटून गावी परतल्यावर त्याने गळाला लागलेल्या, रक्ताळलेल्या ट्राउट माशाची चित्रे काढली. त्यांतल्या एकावर ‘बेड्यांत असताना काढले’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. १८७३ मध्ये त्याला स्वित्झर्लंडला पळून जावे लागले आणि १८७७ च्या अखेरच्या दिवशी तो तिथेच वारला. अब्दलकी यांनी यातले काय डोळ्यांसमोर ठेवले, याचा निवाडा येथे करायचा नाही. तुरुंग पाहिलेल्या आणि देश गमावलेल्या चित्रकाराला माशासारख्या मुक्या जिवात माणसाची अवस्था दिसावी, याला कलेच्या इतिहासात जुनी परंपरा आहे, एवढे यातून स्पष्ट होते. कुर्बेचा मासा अजून झगडतो आहे; अब्दलकींचा झगडा संपलेला आहे, आणि त्यांचे चित्र तिथून पुढे सुरू होते.

परदेशातल्या इतर सीरियन चित्रकारांशी तुलना केली म्हणजे या निवडीचे वेगळेपण ठसते. मरवान कस्साब-बाशी १९५७ मध्ये दमास्कसहून बर्लिनला गेले, दिवसा कारखान्यात काम करून शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि २०१६ मध्ये तिथेच निवर्तले. त्यांनी आयुष्यभर मानवी चेहरा रंगवला, आणि तो इतका जवळून रंगवला की गालाच्या आणि कपाळाच्या रंगपट्ट्यांतून डोंगर-दऱ्यांचा मुलूख दिसू लागतो. पाहणाऱ्यांना त्यात दमास्कसभोवतीची जमीन दिसली. तम्माम अझ्झाम यांचा मार्ग संगणकाचा. २०११ नंतर ते दुबईला व पुढे जर्मनीला गेले, आणि गोळ्यांनी चाळण झालेल्या सीरियन इमारतीच्या छायाचित्रावर ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्ट याच्या चुंबनदृश्याचे सोनेरी रूप चढवून त्यांनी २०१३ मध्ये जी प्रतिमा केली ती जगभर पोहोचली. मरवान यांच्या कामात मायदेश स्मृतीतून झिरपतो, अझ्झाम यांच्या कामात तो बातमीतून येतो. अब्दलकी यांनी दोन्ही वाटा टाळल्या. त्यांच्या चित्रांत दमास्कसचे जाळीदार सज्जे नाहीत, जस्मिनच्या वेली नाहीत, अरबी सुलेखन नाही. परागंदा कलावंताकडून युरोपीय ग्राहकाला जे अपेक्षित असते त्यातले त्यांनी काहीच दिले नाही. मासा पॅरिसच्या बाजारातला आहे की दमास्कसच्या, हे चित्र सांगत नाही, आणि हा ठामपणा त्यांच्या परागंदा वर्षांची सर्वात मोठी कमाई मानावी लागेल.

२००५ मध्ये ते परतले. काळ असदांच्या घराण्याला अडचणीचा होता. फेब्रुवारीत बैरूतमध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची हत्या झाली, संशयाची सुई दमास्कसकडे वळली आणि एप्रिलअखेर सीरियाला लेबनॉनमधून २९ वर्षांनी फौजा मागे घ्याव्या लागल्या. ज्या हस्तक्षेपाला विरोध करत अब्दलकी यांच्या संघटनेने जन्म घेतला होता, तो त्यांच्या परतीच्याच वर्षी आटोपला. दमास्कसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले ते खान असद पाशा येथे. अठराव्या शतकाच्या मध्यावर दमास्कसचा सुभेदार असद पाशा अल-अझ्म याने व्यापारी तांड्यांसाठी बांधलेली ही सराई जुन्या शहराच्या बाजारपेठेत आहे. काळा बसाल्ट आणि फिकट चुनखडी यांचे आलटून पालटून थर देऊन तिच्या भिंती व कमानी उभारलेल्या आहेत, आणि नऊ घुमटांखालच्या चौकात वरून उजेड उतरतो. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या त्या वास्तूत कोळशाची काळी-पांढरी चित्रे मांडली गेली. ज्या तरुण चित्रकारांनी त्यांचे नाव फक्त ऐकले होते त्यांना मूळ कामे पाहायला मिळाली. त्यांची सहचारिणी, चित्रपट दिग्दर्शिका हाला अल-अब्दल्ला यांनी अम्मार अल-बैक यांच्यासोबत २००६ मध्ये केलेल्या, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या माहितीपटात तुरुंग, परदेश आणि परतणे हे एका पिढीचे अनुभव आले आहेत, आणि त्यात अब्दलकीही दिसतात.

त्यानंतरची काही वर्षे दमास्कसमध्ये चित्रांचा बाजार तेजीत होता. आखाती देशांतला पैसा येऊ लागला, २००६ मध्ये दुबईत क्रिस्टीज या लिलावसंस्थेने पहिला लिलाव केला, त्याच वर्षी दमास्कसमध्ये अय्याम गॅलरी उघडली आणि तिने तरुण चित्रकारांना हाताशी धरले. अब्दलकी यांची कामे तोवर ब्रिटिश म्युझियम, पॅरिसची अरब संस्था, अम्मानमधील जॉर्डनचे राष्ट्रीय कलादालन अशा संग्रहांत गेली होती.

मार्च २०११ मध्ये दरआ शहरातून असद राजवटीविरुद्धचा उठाव पसरला तेव्हा चित्रकारांवर जे गुदरले ते सर्वश्रुत आहे. ऑगस्टमध्ये दमास्कसच्या उमय्याद चौकाजवळ व्यंगचित्रकार अली फर्झात यांना बुरखाधारी माणसांनी पकडून त्यांच्या हातांची हाडे मोडली आणि उपचारांसाठी ते कुवेतला गेले. हमा येथील तरुण व्यंगचित्रकार अक्रम रसलान याला २०१२ मध्ये अटक झाली आणि कोठडीतच त्याचा मृत्यू झाला. देश सोडण्यासाठी अब्दलकी यांच्याजवळ सबळ कारण होते, पॅरिसमध्ये आयुष्याची चोवीस वर्षे होती, ओळखी होत्या. ते दमास्कसमध्येच राहिले. त्यांनी उघडपणे उठावाची बाजू घेतली, शस्त्रांच्या मार्गाला विरोध केला आणि राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांनी पायउतार व्हावे अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर सही केली. १८ जुलै २०१३ रोजी तार्तूस या किनाऱ्यावरच्या शहराजवळ लष्करी नाक्यावर त्यांना दोन सहकाऱ्यांसह पकडण्यात आले. ६२ वर्षांच्या या चित्रकाराच्या सुटकेसाठी अरब जगतातल्या व युरोपातल्या कलावंतांनी निवेदने काढली, आणि २२ ऑगस्ट रोजी, पाच आठवड्यांनी, ते सुटले. सुटल्यावरही ते सीरियातच राहिले. ज्या राजवटीने त्यांना कागद नाकारून पाव शतक बाहेर ठेवले होते, तिला दुसऱ्यांदा तशी संधी त्यांनी दिली नाही, असे या निर्णयाकडे पाहता येते.

या वर्षांत त्यांच्या कोळशात माणूस परत आला. बैरूतमध्ये २०१४ साली दाखवलेल्या चित्रांत जमिनीवर पडलेले तरुणांचे मृतदेह आहेत, मृत मुलाची तसबीर धरून बसलेल्या आया आहेत. मांडणी पाहावी तर ती जुनीच आहे. तोच रिकामा काळा अवकाश, तोच आडवा पृष्ठभाग, एका बाजूने येणारा तोच प्रकाश. जिथे मासा होता तिथे आता दरआचा मुलगा आहे. वीस वर्षे मासे काढताना हा चित्रकार काय करत होता, याचे उत्तर या चित्रांनी दिले. छायाचित्रे आणि चित्रफिती यांतून रोज शेकडो प्रेते दिसत असताना चित्राने त्यात भर टाकायची गरज नव्हती. एका प्रेतासमोर माणसाला थांबवण्याची गरज होती, आणि ते कसब त्यांनी मुक्या वस्तूंवर आधीच कमावले होते. सेनापतींच्या मालिकेत जे चौकटीबाहेर राहिले होते, ते आता मध्यभागी आले.

डिसेंबर २०१६ मध्ये दमास्कसच्या कामिल गॅलरीत त्यांनी नग्न स्त्रियांची कोळशाची चित्रे मांडली आणि वादळ उठले. दमास्कसच्या कला विद्याशाखेत मॉडेल समोर बसवून नग्न देहाचा अभ्यास करण्याची पद्धत एके काळी होती, ती बंद पडून कित्येक दशके झाली होती. धर्माच्या नावाने टीका होणार हे उघड होते, पण जिव्हारी लागणारी टीका विरोधकांच्या गोटातून आली. प्रदर्शन उघडले त्याच दिवसांत अलेप्पोच्या पूर्व भागाचा पाडाव होऊन तिथले लोक बसेसमधून बाहेर काढले जात होते. अशा आठवड्यात, सरकारच्या ताब्यातल्या राजधानीत, दालनातले दिवे लावून चित्रे पाहणे म्हणजे सारे काही सुरळीत आहे या सरकारी दाव्याला हातभार लावणे होय, असे अनेक परागंदा लेखक-कलावंतांनी म्हटले. समर्थकांचे म्हणणे असे की, ज्याने तुरुंग भोगला आणि तरी देश सोडला नाही त्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागण्याचा अधिकार बाहेर बसलेल्यांना नाही, आणि मृतदेहांनी भरलेल्या देशात जिवंत देह काढणे हीसुद्धा एक भूमिका आहे.

या वादात दोन्ही बाजूंना जे दुःख होते ते खरे होते, आणि ते चित्रांच्या गुणदोषांहून मोठे होते. देशाबाहेर गेलेल्यांना परत येता येत नव्हते आणि आत राहिलेल्यांना मोकळेपणाने बोलता येत नव्हते, त्यामुळे एकाच चळवळीतली माणसे एकमेकांची मौने चुकीची वाचत होती. तारखेबद्दलचा आक्षेप रास्त धरावा लागतो. अलेप्पोतल्या माणसांना तो आठवडा विसरता येणार नव्हता. मात्र या चित्रांतले देहही त्याच जड, काळ्या अवकाशात आहेत, त्यांच्यावर तोच एका बाजूचा प्रकाश आहे, आणि मोहवणारे किंवा सुखवणारे त्यांत फार थोडे आहे. उठावानंतरच्या वर्षांत त्यांनी दमास्कसमधल्या आपल्या स्टुडिओत मृत मुलगे, त्यांच्या आया आणि हे उघडे देह काढले, आणि तिन्ही ठिकाणी हात, कोळसा आणि कागद तेच होते. ८ डिसेंबर २०२४ रोजी असदांची राजवट कोसळली आणि राजकीय कैद्यांना डांबून ठेवणाऱ्या सैदनाया तुरुंगाचे दरवाजे उघडले, तेव्हा हजारो कुटुंबे आपल्या माणसांच्या तसबिरी हातात धरून तिथे पोहोचली. त्या तसबिरी धरलेल्या आया अब्दलकी यांच्या कागदांवर त्याआधी दहा वर्षांपासून होत्या.